क्वार्टरमधल्या तंगड्या

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! एका रांगेत चार खोल्या बांधा, त्यात तीन शिकलेले पुरुष राहायला ठेवा, त्यांच्या बायका त्यांच्या त्यांच्या गावी असू द्या, आणि बरोबर समोर एक स्वयंपाकघराची खिडकी काढा. वर्षभरात पोतं भरतं. मी खिडकीच्या आतल्या बाजूला उभी असते, एवढंच माझं कर्तृत्व.

मी रंजना. शेणव्याच्या पुढं एक आश्रमशाळा आहे, तिथं स्वयंपाकीण. दीडशे पोरांचं दोन वेळचं जेवण मी आणि बुधी करतो. बुधी वरच्या वाडीतली. दिवसाला चारच वाक्यं बोलते, पण तेवढी लोकांना महिनाभर पुरतात.

समोर क्वार्टरमध्ये तिघं. एक गायधनी सर, वसतिगृहाचे अधीक्षक, नाशिककडचे, पन्नाशी ओलांडलेले. दुसरे लोहकरे सर, विज्ञान शिकवतात, बोलताना हवेत आकृत्या काढतात. तिसरे आमचे क्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, मुरबाडचे. तिघंही इतकी वर्षं आमच्या भटारखान्यातच जेवायचे. नुसते जेवायचे असते तरी चाललं असतं! "रंजनाबाई, आज वरणात जीव नाही." "भात जरा मोकळा हवा होता." "भाजीचा रंग बघा." स्वतःचं ताट कधी विसळलं नाही, पण मार्क रोज द्यायचे.

मग वरून ऑर्डर आली. पोरांसाठी शिजलेलं पोरांनीच खायचं, स्टाफने आपापलं शिजवून घ्यायचं. ती भाऊसाहेबांनाच वाचून दाखवावी लागली. वाचता वाचता त्यांचा आवाज असा बारीक होत गेला की शेवटची ओळ कोणाला ऐकूच आली नाही.

बुधी म्हणाली, "परत वाचा ना भाऊसाहेब. बरं वाटतंय."

* * *

आता तंगड्यांचं सांगते.

धसईकडचा एक शेतकरी टर्की पाळतो. टर्की म्हणजे कोंबडीच, पण चौपट. लाल लोंबती मान, आणि चाल अशी की आत्ताच निवडून आलीय. वैशाखऱ्याच्या पुढं घाटाच्या वाटेवर जी मोठी हॉटेलं आहेत, ती त्याच्याकडून छातीचं मांस नेतात. तंगड्या त्यांना नको असतात. मग रविवारी हा माणूस शेणव्याच्या नाक्यावर टेम्पो लावतो आणि बर्फाच्या डब्यातून तंगड्या विकतो. मांडीसकट अख्ख्या.

पहिल्याच रविवारी गायधनी सर अंडी आणायला म्हणून गेले आणि तीन तंगड्या घेऊन आले. तोपर्यंत तिघांची मजल बिस्किट, मॅगी आणि करपलेले पोहे इथपर्यंत गेली होती. सरांनी पिशवी आमच्या खिडकीत उघडून दाखवली. मिरवायला, दुसरं काय!

"तीन माणसं, तीन तंगड्या. वाटणीवरून भांडण नको."

एकेक तंगडी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. बुधीने पिशवीत वाकून बघितलं. मग सरांच्या पाठीमागं रस्त्याकडे बघितलं.

"सर," ती म्हणाली, "बाकीचं मागनं येतंय काय?"

* * *

तंगडी कुकरमध्ये मावेना. हे कळायला तिघांना पाऊण तास लागला. उभी घालून बघितली, आडवी घालून बघितली, उलटी घालून बघितली. झाकण ठेवलं की पंजाकडचं टोक बाहेर, जणू ती कुकरमधून हात दाखवतेय.

लोहकरे सर म्हणाले, "थांबा. तिरकी बसेल. कर्ण सर्वांत लांब असतो."

मोजपट्टी आणली. कुकरचा व्यास, कुकरची उंची, तंगडीची लांबी. अंगणातल्या मातीत काडीने आकृती काढली, आकडेमोड केली आणि जाहीर केलं की बसणार नाही. अहो, ते आम्हाला खिडकीतून दिसतच होतं!

मग प्रयोगशाळेच्या कपाटातून लोखंड कापायची करवत आली. गायधनी सरांनी दोन्ही हातांनी तंगडी धरली, लोहकरे सर बरोबर हाडाच्या मध्यावर घासायला लागले. तंगडी बुळबुळीत. तीनदा सटकली. एकदा थेट तुळशीपाशी जाऊन पडली. धुतली, पुन्हा धरली. हाडाचा भुगा पडतोय, सरांच्या कपाळावरून घाम पडतोय, हाड काही हलत नाही.

बुधी हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवून गेली. कोयता घेतला, अंगठ्याने तंगडी चाचपली, गुडघ्याची खोबण सापडली, एकच घाव. टक्! दोन तुकडे.

"सर, देवानं सांधा ठेवलाय की!"

लोहकरे सर आपल्या आकृतीकडे बघत राहिले. म्हणाले, "सांधा आपण गृहीत धरला नव्हता."

* * *

त्या दिवशी तीन शिट्ट्यांत तंगडी शिजली असं तिघांनी एकमताने ठरवलं. एकमताने! जीभ कोणी विचारातच घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसचा शिपाई माझ्यासाठी एक लखोटा घेऊन आला. वर माझं नाव, पद, जावक क्रमांक, सगळं. आत कागदाला स्टेपलरने टाचलेल्या चार पांढऱ्या कडक काड्या. खाली भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात, 'काल रोजी भोजनात सोबत जोडलेल्या वस्तू आढळून आल्या. सदर वस्तू झाडूच्या काड्या असल्याचा संशय आहे. आपली खिडकी घटनास्थळासमोर असल्याने आपला खुलासा अपेक्षित आहे.'

म्हणजे मी आणि बुधीने यांच्या कुकरमध्ये झाडू मोडून टाकला! आम्हाला दीडशे पोरांचं उरकून एवढा वेळ असता तर काय पाहिजे होतं.

काड्या मलाही ओळखू येईनात. पुढच्या रविवारी लखोटा घेऊन नाक्यावर गेले. टेम्पोवाल्याने काड्या बघितल्या आणि हसून हसून टेम्पोच्या फळीवर बसला.

"बाई, शिरा हायत त्या! टर्कीच्या तंगडीत असतातच. खालनं गोल चीर द्यायची न् पक्कडीनं ओढून काढायच्या. शिजवायच्या आधी. नायतर हाडासारख्या व्हतात."

मी परत आले, त्याच कागदावर खाली लिहिलं, 'खुलासा: पक्कड.' सही केली आणि पाठवून दिला.

भाऊसाहेबांनी तो फायलीला लावला! कोणत्या फायलीला, ते अजून सापडलेलं नाही.

* * *

मधेच एक माझा किस्सा सांगते. हा क्वार्टरमध्ये कोणाला माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

मी आठवडाभर घरी जाऊन या तिघांच्या नकला करायचे. माझा नवरा तसा शांत माणूस, भातशेती करतो. एक दिवस म्हणाला, "मग तू आण ना. तू करून दाखव."

मी म्हटलं, त्यात काय! मी हजाराच्या पंगती उठवल्यात. तंगडी आणली, शिरा काढल्या, बुधीसारखा सांध्यावर घाव घातला. कांदा-खोबरं भाजून माझ्या हातचं वाटण केलं. त्या वाटणासाठी लग्नघरची बोलावणी येतात मला. पातेल्यात घातलं, गावठी कोंबडीला देते तेवढा वेळ दिला, वर अजून दहा मिनिटं दिली आणि ऐटीत वाढलं.

नवऱ्याने एक घास तोंडात घातला. चावला. इकडून तिकडे नेला. परत चावला. बाहेर म्हशीचं रवंथ चाललं होतं, तिचा घास आधी संपला.

शेवटी म्हणाला, "रस्सा फक्कड झालाय गो. पण ह्यात पडलंय काय?"

त्यानंतर मी चार रविवार गुपचूप तंगडी आणली. चुलीवर मंद जाळ, पातेल्यावर पाण्याचं ताट, आणि दोन तास, अडीच तास, हात न लावता. तेव्हा कुठं मांस हाडापासून सुटलं. चौथ्या रविवारी नवऱ्याने नुसतं ताट परत पुढं केलं. बस! त्या दिवसापासून मी टर्कीतली जाणकार.

* * *

इकडे क्वार्टरमध्ये शिरा निघायला लागल्या होत्या, पण मांस काही वठणीवर येत नव्हतं. गायधनी सर एका सकाळी खिडकीशी आले. विचारायचं तर होतं, पण विचारतोय असं दिसू द्यायचं नव्हतं.

"रंजनाबाई, समजा एखाद्याला मांस मऊ करायचं असेल, तर पूर्वी लोक काय करायचे?"

"कच्च्या पपईचा कीस लावून ठेवायचे. तासभर."

"हं. ऐकलंय मी." आणि गेले.

दुपारी क्वार्टरमधून असा काही गोड, आंबूस, मसालेदार वास आला की पोरं रांगेतून मान बाहेर काढून बघायला लागली. बुधी जाऊन आली. तोंडावर पदर.

मी गेले तर पातेल्यात केशरी रंगाचा लगदा, त्यात तंगडी बुडालेली, वर तिखटाचा तवंग. लोहकरे सर आणि भाऊसाहेब दोघंही ताटावर बसलेले, पण सुरुवात कोणी करत नव्हतं.

"सर, हे काय घातलंत?"

"पपई. तुम्हीच म्हणालात."

"अहो, मी कच्ची म्हणाले! ही पिकलेली आहे!"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की दया यावी. माझी!

"बाई, मांस मऊच करायचंय ना? मग कच्च्यापेक्षा पिकलेली पपई जास्त मऊ नाही का?"

* * *

लोहकरे सरांचं म्हणणं पडलं की चूक पदार्थाची नाही, पद्धतीची आहे. टर्की परदेशातली, तर परदेशासारखीच भाजायला हवी. मोबाइलवर व्हिडिओ बघितला. त्यातली बाई म्हणाली, ओव्हन तीनशे पन्नासवर ठेवा. सरांनी वहीत लिहून घेतलं. तीनशे पन्नास कसले, ते वहीत नव्हतं.

ओव्हन कुठून आणायचा? तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा केला, खाली विटा, वरखाली निखारे, आत तंगडी. आणि डब्याला भोक पाडून त्यात प्रयोगशाळेतला थर्मामीटर खोचला. वाचन घ्यायला! रविवार होता, अर्धी शाळा भोवती गोळा. सर उकिडवे बसून आकडे सांगतायत, भाऊसाहेब लिहून घेतायत. साठ. ऐंशी. शंभर. एकशे पाच.

फट्!

काच फुटली, आतलं लाल पाणी डब्यावरून ओघळलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं हाच प्रयोग.

सातवीतली एक पोरगी पुढं आली. काचेच्या तुकड्याला हात न लावता वाकून बघत म्हणाली, "सर, ह्याच्यावर एकशे दहापर्यंतच लिवलंय."

विज्ञानाचे सर म्हणाले, "ते मला माहीत आहे. निरीक्षण महत्त्वाचं."

डबा उघडला तर तंगडी बाहेरून कोळसा. सरांनी सुरी घातली तर आत लालभडक, हाडाशी गारेगार. तिघंही वाकून बघत होते. भाऊसाहेबांनी पेन खिशाला लावलं.

"वरून दहावी पास," ते म्हणाले, "आतून बालवाडी."

* * *

आता गायधनी सरांच्या मिसेस आल्या त्या दिवसाचं.

वहिनी तिकडे नाशिककडे गावी राहतात. मुलीचं लग्न झालंय. घरात शिवणक्लास चालवतात, दहा-बारा मुली येतात शिकायला. ऑर्डर आल्यापासून सर त्यांना रोज फोन करायचे, आणि रेंज फक्त आमच्या खिडकीपाशी मिळते, त्यामुळे ऐकायला आम्ही होतोच.

"तू इकडेच राहायला ये. क्लास काय, बंद करता येतो. इथं तुला काम तरी काय? दोन वेळचं दोघांचं."

रोज हेच. आणि पलीकडून वहिनी रोज, "बघू."

एक दिवस सरांनी फोन स्पीकरवर टाकला होता, तेव्हा वहिनींचा आवाज स्वच्छ आला.

"रविवारी येते. सव्वीस वर्षं झाली लग्नाला, तुमच्या हातचं कधी खाल्लं नाही. एकदा जेवायला घाला. मग राहायचं की नाही ते सांगते."

सर फोन ठेवून तिथंच उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला कधी घाबरलेला बघितला नव्हता.

शनिवारी दुपारी खिडकीशी आले. "रंजनाबाई, धसईला जाऊन तंगडी आणलीय. उद्या तुम्ही करून द्या. मी वाढतो."

"ऑर्डर आहे सर. स्टाफने आपापलं शिजवायचं."

सर गेले. अंगणाच्या मध्यापर्यंत गेले आणि परत आले.

"मग शिकवा," म्हणाले.

समजा-बिमजा नाही, पूर्वी लोक काय करायचे नाही. सरळ 'शिकवा'. मी म्हटलं, "मी बाहेर उभी राहीन. हात लावणार नाही."

रविवारी सकाळी आठला सुरुवात. सरांनी चीर दिली, पक्कड लावली, पाय भिंतीला टेकवून एकेक शीर ओढून काढली. कांदा चिरताना डोळ्यांतून एवढं पाणी की चष्मा काढून ठेवला, मग बोट कापलं. पट्टी लावली. वाटण भाजताना दोनदा मला म्हणाले, "झालं ना?" मी दोनदा म्हटलं, "नाही." दहाला पातेलं मंद गॅसवर चढलं, वर पाण्याचं ताट.

साडेदहाला वहिनी आल्या. हातात फक्त एक लहान कापडी पिशवी. खोलीत गेल्या, कॉटवर बसल्या आणि गॅसकडे बघत राहिल्या. "काही मदत?" असं तोंडातून काढलं नाही.

सर दर पाच मिनिटांनी बाहेर यायचे. "जरा हवा घेतो." माझ्यापाशी येऊन कुजबुजायचे, "रस्सा आटतोय."

"ताटातलं कोमट पाणी घाला. गार नाही."

आत जायचे. परत बाहेर. "जरा हवा घेतो."

"ढवळू नका. मीठ आता."

चौथ्यांदा आले तेव्हा आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, त्या हवेला आतच बोलवा. बसून सांगू दे."

मी आणि बुधी आत गेलो. दारात लोहकरे सर आणि भाऊसाहेब आपापली ताटं घेऊन उभे होते, त्यांना कोणी या म्हटलं नाही.

साडेबाराला झाकण काढलं. मांस हाडावरून आपण होऊन सुटत होतं. आम्ही तिघी खाली बसलो. सरांनी भात वाढला, रस्सा वाढला, मोठा तुकडा वहिनींच्या ताटात ठेवला आणि पळी धरून उभे राहिले.

वहिनी जेवायला लागल्या. सावकाश. एकेक घास. कसं झालंय हे तोंडावर दिसेल म्हणून मी बघत होते, काही दिसेना. बुधी मान खाली घालून खात होती. खोलीत नुसता बोटं चाटल्याचा आवाज.

सरांनी आपलं ताट घेतलं, बसायला गेले.

"पाणी," वहिनी म्हणाल्या.

सर उठले. बाटली आणली.

"माठातलं."

सर बाहेर जाऊन माठातलं घेऊन आले. परत ताट घेतलं, मांडी घातली.

"भात."

सर उठले.

असं पाऊण तास चाललं. अजून थोडा रस्सा. लिंबू आहे का? मीठ इकडे. या बाईंना विचारलंत का? सर उठत होते, बसत होते, उठत होते. त्यांच्या ताटात वाढलेला भात गार होऊन गेला. वहिनींनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं. सरांनी तांब्या आणून त्यांच्या हातावर पाणी घातलं, बोटाची पट्टी भिजली तरी घातलं.

मग त्यांना राहवेना.

"मग?" सर म्हणाले. "राहतेस ना इथं?"

वहिनींनी पदराला हात पुसले. पातेल्याकडे बघितलं, गॅसकडे बघितलं, मग सरांकडे.

"उद्या काय करणार आहात?"